मागच्या चाकांचे ठोकळे

मी गॅरेजमध्ये गेले होते ती फ्रीझरमधून पावाच्या पिठाच्या गोळ्यांची पिशवी काढायला, आणि परत फिरताना मला ते दोन ठोकळे दिसले. ठोकळे होते तिथेच होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. चाकं मात्र नव्हती. मागची दोन्ही चाकं काढून साठवणीच्या गव्हाच्या बादल्यांना टेकवून ठेवलेली, जीपचा मागचा भाग गाडी टेकवायच्या दोन लोखंडी घोड्यांवर उचललेला, आणि ते लाकडी ठोकळे कुणालाही न अडवता, अगदी इमानेइतबारे, हवेची राखण करत बसलेले. मी उभी होते त्याच्या पलीकडच्या बाजूने माझ्या नवऱ्याचे, गार्थचे, गुडघ्यापर्यंतचे पाय जीपखालून बाहेर आले होते. बाकीचा गार्थ आत होता आणि चर्चमधलं एक स्तोत्र गुणगुणत होता, नेहमीसारखं, वरची पट्टी चुकवून. त्याचा मित्र आल्मा पान्याला लावायची नळी आणायला रस्त्यापलीकडे आपल्या घरी गेला होता. आमच्या गॅरेजची जमीन दाराकडे किंचित उतरती आहे, बर्फाचं पाणी वाहून जावं म्हणून, आणि जीपचं तोंड दाराकडे होतं. हँडब्रेक ओढलेला असणार, गिअरही अडकवलेला असणार, गार्थ तेवढं करतो. पण हँडब्रेक धरतो मागच्या चाकांना, गिअरही धरतो मागच्याच चाकांना, आणि मागची चाकं तर बादल्यांपाशी विश्रांती घेत होती. पुढच्या चाकांना धरणारं काहीही नव्हतं. ती मोकळी होती.

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

कारण सकाळी मी ते उघडलं होतं. सकाळी आल्मा व्हेटन आला होता, हातात नारळाचं सिरप घातलेल्या कोकचा, फुलदाणी म्हणून चालेल एवढा पेला घेऊन. आमच्या चर्चच्या नियमाने पुरुष बिअर पीत नाहीत, कॉफी पीत नाहीत, म्हणून साखर पितात, आणि त्यावरच त्यांना मर्दपणा चढतो. नवीन स्प्रिंगांचे खोके ड्राइव्हवेवर मांडलेले, लांब शॉकअब्सॉर्बर टॉवेलवर ओळीने निजवलेले, बाळंतिणीच्या खोलीत असावी तशी दोघांची कुजबुज. मग टोप्या काढून दोघं जीपच्या नाकापाशी उभे राहिले आणि आल्माने प्रार्थना म्हटली. आमच्या हातांना बळ दे, बोल्टांना सैल होण्याची बुद्धी दे, आणि कुणाला इजा होऊ देऊ नकोस. बोल्टांचं तो खरोखर म्हणाला. मी धुण्याची टोपली घेऊन दारात उभी होते आणि आमेन होईपर्यंत थांबले, एवढी रीत मला आहे. मग विचारलं, “चाकांना काही लावलंत का?”

“अगं, आत्ताच आमेन म्हटलं ना?” गार्थ म्हणाला, आणि आल्मा कोकमधल्या बर्फासकट हसला.

“सिस्टर मार्वा, तुमचंही बरोबर आहे,” आल्मा चर्चच्या रीतीने म्हणाला. “तुमच्या ऑफिसात चांगली बातमी सांगायला कुणी फोनच करत नाही. दिवसभर नुसतं पडलं, झडलं, फुटलं. माणूस असाच होणार.”

“घरी पण ऑफिस उघडंच असतं हिचं,” गार्थ म्हणाला. मग त्याने मोठ्या थाटात कोपऱ्यातून दोन ठोकळे आणले, मागच्या चाकांना एकेक लावला, कमरेत वाकून मला नमस्कार केला. “घे बाई. झालं समाधान?” आणि पुढचं काम करायला पुढचा भाग उचलला. तेव्हा ते ठोकळे योग्य जागी होते. पुढच्या स्प्रिंगा बसल्या, पुढची चाकं चढली, जीप नाक वर करून उभी राहिली, मग यांनी मागचा भाग उचलला, मागची चाकं काढली, आणि ठोकळे पुढे न्यायचे हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. का येईल? ते ठोकळे गाडीसाठी लावलेच नव्हते. मला गप्प करायला लावले होते, आणि मी गप्प झाले होते.

आल्मा माझ्या ऑफिसबद्दल म्हणाला ते मात्र खोटं नाही. मी विम्याच्या कचेरीत दाव्यांचे फोन घेते, इतकी वर्षं की आता आवाज ऐकूनच मला हाड मोडलंय की नुसतं कुंपण ते कळतं. आणि मला माणसांबद्दल जे काही वाटतं ते तिथेच वाटायला लागलं. लोक किती एकसारखे मूर्ख असतात! कुणी शिडी डब्यावर ठेवतो, कुणी गवत कापायचं यंत्र चालू ठेवून त्याच्या पात्यातलं गवत बोटाने काढतो, कुणी भाड्याची बोट गाडीला नीट न अडकवता हायवेवर काढतो, आणि नंतर सगळे एकच वाक्य म्हणतात, तेच शब्द, त्याच दुखावलेल्या सुरात: मी फक्त एक मिनिटासाठी गेलो होतो. जणू त्या मिनिटाने त्यांचा विश्वासघात केला. सुरुवातीला मला कणव यायची. मी फोनवर म्हणायचे, अरेरे, आता कसे आहात. मग ती कणव झिजत गेली आणि खालून जे निघालं ते मला आवडायलाच लागलं, हे मी लपवत नाही. हेडफोन कानाला लावून, माणसं हुंदके देत असताना, मी मनात त्यांच्या गॅरेजचा नकाशा काढते आणि म्हणते, हां, इथे. इथे तू गाढवपणा केलास. त्याचं एक सुख असतं. ते सुख घेऊन मी संध्याकाळी घरी येते, आणि घरी गार्थ असतो.

गार्थचं काय सांगायचं. तो पाणीपुरवठ्याच्या खात्यात आहे, माणूस म्हणून चांगला आहे, असं सगळा वॉर्ड म्हणतो; आमच्याकडे चर्चच्या मोहल्ल्याला वॉर्ड म्हणतात. कुणाचं घर हलवायचं असलं की हा पियानोच्या जड बाजूला. तीन पोरं वाढवली, ती आपापल्या गावी गेली, आणि रिकाम्या झालेल्या घरात त्याने ही जीप आणली. तिला त्याने एक नाव ठेवलंय, ते मी उच्चारत नाही. दरवर्षी ईस्टरला वॉर्डातले पुरुष मोआबला जातात, लाल खडकांवर गाड्या चढवतात, उतरवतात आणि परत येऊन आपण काहीतरी जिंकलं अशा चेहऱ्याने फिरतात. गार्थची जीप खडकावर अडकली आणि आल्माने ती दोरीने ओढून काढली, हे एवढं त्याच्या मनाला लागलं की जीप उंच करायचं ठरलं. मी त्या माणसाला कित्येक वर्षांत कशाहीसाठी इतकं तळमळताना पाहिलं नव्हतं. माझ्या आईच्या दफनानंतरच्या जेवणात, चर्चच्या हॉलमध्ये, बटाट्याच्या त्या चीज घातलेल्या भाजीचं ताट हातात धरून, हा माझ्या मावसभावांना फोनवर टायरचे फोटो दाखवत होता. मी पलीकडे आईच्या मैत्रिणींचे हात हातात घेत उभी होते आणि मला त्याचा आवाज ऐकू येत होता. नाही, याने दगडावर पकड चांगली येते, तो सांगत होता. तेव्हा मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, राग म्हणजे अजून काहीतरी देवाणघेवाण चालू आहे. मला फक्त तो दिसला. त्याची टाय बांधायची रीत, त्याच्या कानातले केस, बोलताना ताट कलतं ते. कुणा दुसऱ्याच्याच नवऱ्याकडे बघावं तसं मी त्याच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, बिचारीला काय मिळालंय बघा.

पिशवीतल्या गोळ्यांचा गारठा माझ्या बोटांत चढत होता. जीपखाली काहीतरी लोखंड खणकलं, गार्थने घसा साफ केला आणि पुन्हा स्तोत्र पहिल्यापासून धरलं. एक शब्द पुरला असता. “गार्थ, ठोकळे.” मग तो खालून म्हणाला असता, “हो हो.” त्याचं हे हो हो म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. त्यात ऐकलं असंही नसतं आणि नाही असंही नसतं. रस्त्यावरच्या माणसाने हातातलं चिटोरं पुढे केलं की आपण घेऊन खिशात कोंबतो, तसं. मी शंभरदा सांगावं, त्याने हो हो म्हणावं, मग मीच ती गोष्ट करावी, आणि संध्याकाळी त्याने चारचौघांत म्हणावं, आमच्या मार्वाला काळजी करायची हौसच आहे. हौस! घरातला धुराचा इशारा देणारा डबा मी बदलायचा, गॅसची नळी मी बघायची, उतारावर गाडी लावली की चाक कडेला वळवून ठेवायचं मी, आणि हौस माझी. मला वाटलं, नाही सांगायचं. या वेळी नाही. प्रार्थना झाली आहे ना? मग बघू दे ना वरच्यालाच. मी तो शब्द जिभेवर धरून ठेवला आणि त्याला विरघळू दिलं, आणि खरं सांगते, ते गोड लागलं.

तो असा नव्हता. हे मला तिथे उभं असतानाच आठवलं आणि मला ते आठवायला नको होतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही उइंटाच्या डोंगरात गेलो होतो, त्याच्या बापाचा जुना मालट्रक घेऊन, आणि तंबू भिजला म्हणून ट्रकच्या मागच्या हौद्यात झोपायचं ठरलं. जागा उतरती होती. मी म्हटलं, गडगडलो तर? त्याने हसून काढलं नाही. तो ओढ्यावर गेला आणि पोटाशी धरून दगड आणत राहिला, एकेका चाकाला दोन-दोन, पुढून आणि मागून, मग बुटाने मारून बघितले, मग एक त्याला पटला नाही तो फेकून दुसरा आणला. मी हौद्यात पांघरूण गुंडाळून बसले होते आणि त्याचा तो वाकलेला पाठीचा कणा बघत होते आणि मला वाटलं होतं, संपलं, आता आयुष्यात मला कशाचीही काळजी नाही. त्या पोराचं काय झालं? मेला असता तर त्याचं थडगं तरी असतं. कुठल्यातरी वर्षी, मधल्या कुठल्यातरी मंगळवारी, त्याने काळजी करायचं काम माझ्याकडे देऊन टाकलं, जसं लोक मांजर शेजाऱ्याकडे देऊन गावाला जातात, आणि मग परत मागायला आलाच नाही. आणि मी ती पाळली, वाढवली, आता ती सगळ्या घरभर फिरते, आणि तो म्हणतो, तुझ्या मांजराचे केस सगळीकडे पडतात.

तुच्छतेत एक मोठी सोय असते. माणूस तुच्छ ठरला की त्याच्याकडून काही यायचं राहत नाही, मग वाट बघायची गरज नाही, दुखायचं कारण नाही. मी त्याच्या पायांकडे बघत होते. घसरलेले मोजे, त्यातून दिसणारी पांढरी नडगी. मी मनात नकाशा काढत होते, माझ्या सवयीने. इथे घोडी. इथे उतार. इथे बोल्ट गंजलेला, त्याला हिसका बसणार. इथे तू गाढवपणा केलास. आणि मग मला त्या नकाशात एक माणूस दिसला ज्याला मी फोनवर कधी विचारलंच नव्हतं, कारण तो कधी फोन करत नाही: जवळच, हातात पिशवी घेऊन, सगळं बघत उभा असलेला माणूस. तो काय सांगत असेल? मी फक्त एक मिनिटासाठी. गार्थचं गुणगुणणं कधी थांबलं ते मला कळलं नव्हतं, आणि पिशवी धरलेली बोटं आता दुखेनाशी झाली होती.

मी पिशवी फ्रीझरवर ठेवली, वाकून एक ठोकळा उचलला, मग दुसरा, आणि जीपच्या कडेने पुढे जाऊन दोन्ही पुढच्या चाकांपुढे दाबून बसवले. बुटाने मारून बघितले. एकही शब्द बोलले नाही. खालून तोही काही बोलला नाही. मी पिशवी उचलली तेवढ्यात आल्मा लांबलचक नळी खांद्यावर टाकून ड्राइव्हवे चढत आला. “ही लावली पान्याला की बघा बोल्ट कसा सुटत नाही!” तो ओरडला, आणि जीपच्या मागे वाकला.

मी स्वयंपाकघराच्या दारात पोचले होते. मागे आल्मा म्हणाला, “एक, दोन,” आणि मग जो आवाज झाला तो मी फोनवर कधी ऐकलेला नाही, कारण फोन नेहमी नंतर येतो. बोल्ट फटाक्यासारखा सुटला. जीप स्वतःहून पुढे सरकली, बोटभरच. पुढच्या चाकांनी लाकडावर कुरकुरून दात रोवले. एका घोडीचा मागचा पाय जमिनीवरून उचलला गेला, क्षणभर तसाच राहिला, आणि खाली बसला. मग काहीच नाही. गव्हाच्या बादल्यांना टेकलेलं एक चाक हळूच कलंडून फरशीवर आडवं झालं, तेवढंच.

गार्थ बाहेर आला तो चेहऱ्याला रंग नव्हता. आल्माने नळी खाली टाकली. दोघं पुढे गेले आणि चाकांपुढच्या ठोकळ्यांकडे बघत उभे राहिले.

“बरं झालं, तू हे पुढे आणून लावलेस,” आल्मा म्हणाला.

“मी नाही लावले.”

“मग कुणी?”

गार्थने वाकून एक ठोकळा चाचपून बघितला. आल्माने सावकाश टोपी काढली. मी दारातून सगळं बघत होते. सांगायला हरकत काय होती? पण मला बघायचं होतं, ही दोन प्रौढ माणसं आता कुठवर जातात. “पाव फुगायला ठेवतेय,” मी म्हटलं, आणि आत गेले.

ती कुठवर गेली ते दुसऱ्या दिवशी कळलं. महिन्याचा पहिला रविवार म्हणजे आमचा उपासाचा. त्या दिवशी चर्चमध्ये प्रवचन नसतं, ज्याला वाटेल त्याने उठावं आणि देवाने आपलं काय भलं केलं ते माइकवर सांगावं. पोटात काही नसल्यामुळे लोक लवकर रडतात. गार्थ उठला. वर्षानुवर्षं तो उठला नव्हता. तो गेला, दोन्ही हातांनी माइकपुढचं लाकडी मेज धरलं आणि सगळं सांगितलं: प्रार्थना, स्प्रिंगा, नळी, तो हिसका. “आणि आमच्यापैकी कुणीही न लावलेले ठोकळे चाकांपुढे होते,” तो म्हणाला. “मी खाली होतो. माझ्यावर कुणाचं तरी लक्ष होतं. एवढंच मला सांगायचंय.” त्याचा आवाज फुटला. आल्मा पुढच्या रांगेत ढसाढसा रडत होता. आल्माच्या बायकोने, लारूने, माझा हात धरून एवढा दाबला की अंगठी रुतली. “मार्वा, तुझ्या घरात देवदूत वावरतायत गं,” ती कुजबुजली. “संध्याकाळी केळ्याचा पाव घेऊन येते.” देवदूताने तिला थँक्यू म्हटलं. मला हसू येत होतं, ते मी गालाच्या आत चावून धरलं. मी त्याच्याकडे बघत होते, त्या माइकमागच्या, टाय वाकडा झालेल्या, डोळे पुसणाऱ्या माणसाकडे, आणि म्हणत होते, वा गार्थ. बायको तीन फुटांवर उभी असते तेव्हा तुला दिसत नाही, आणि देवदूत दिसतो.

घरी जाताना माझी छोटी गाडी मी चालवत होते. जीपच्या चाकांची अलाइनमेंट अजून करून घ्यायची होती. डोंगरावर अजून बर्फ होतं आणि ऊन डोळ्यांत जात होतं. गार्थ शेजारी बसला होता.

“तू होतीस ते मला ठाऊक आहे,” तो म्हणाला.

मी रस्त्याकडे बघत राहिले.

“मी खाली होतो, मार्वा. तुझे पाय दिसत होते. ठोकळ्याच्या बाजूला.”

“मग तिथे उभं राहून ते सगळं काय सांगितलंस?”

“मी देवदूत म्हणालो का? लारू म्हणाली. मी म्हणालो, कुणाचं तरी लक्ष होतं. होतंच की.” त्याने गुडघ्यावरून काहीतरी झटकलं, तिथे काही नव्हतं. “दुसरं काय सांगू? माझी बायको आली, तिने बघितलं, आणि मग ती उभीच राहिली, हे? सगळ्या वॉर्डाला?”

माझे कान तापले. सिग्नल लागला होता, मी जोरात ब्रेक दाबला, आणि आम्ही दोघं पट्ट्यांत पुढे जाऊन मागे आलो.

“तुला कळलं होतं?” मी विचारलं. “ठोकळ्यांचं?”

“तुझे पाय थांबले तेव्हा कळलं. तू कशाकडे बघतेयस म्हणून मी मान वळवली.”

“आणि बाहेर आला नाहीस.”

“नाही.”

“का?”

“आधी वाटलं, आता ओरडशील. तू ओरडतेसच. मी हो हो म्हणायच्या तयारीत होतो.” तो जरा हसल्यासारखा आवाज करून थांबला. “नाही ओरडलीस. मग मी म्हटलं, बरं. बघू या, ही काय करते.”

इतकी वर्षं मी त्याला मूर्ख समजत आले होते. मला वाटत होतं की माझ्या आत जे चाललंय ती माझी एकटीची खोली आहे, दार लावलेलं, आणि हा बाहेर टायरचे फोटो बघत बसलाय. आणि हा खाली निजून माझे पाय वाचत होता, शब्दन् शब्द. मला त्याची लाज वाटली नाही, माझी वाटली, आणि त्याच्या वरताण भीती वाटली, कारण शेजारी बसलेल्या या माणसाला मी ओळखत नव्हते. आमच्या रस्त्याला वळले, ड्राइव्हवे चढून गाडी थांबवली. समोर गॅरेजचं दार उघडंच होतं आणि आत जीप उभी होती, आता इतकी उंच की तिच्या खालून मागची भिंत दिसत होती. मी हँडब्रेक ओढला. कुणीच उतरलं नाही.

“आणि मी नसते लावले तर?” मी विचारलं.

त्याने पट्टा सोडला, दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला. मग माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात, उद्या कचरा कुठल्या वेळी न्यायला येतात ते सांगावं तसा म्हणाला, “तर मला कळलं असतं.”